स्पॅनिश दुनळी घेताय? नक्षी मागाहून बघा, आधी नळ्या वाजवा

गेल्या काही वर्षांत इकडे इंग्लंडात क्ले शूटिंगला (हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्यांवरची नेमबाजी) येणारी मराठी मंडळी वाढलीत, कुणी आयटीतलं, कुणी हॉस्पिटलातलं, आणि महिना-दोन महिने क्लबच्या बंदुकीवर हात बसला की सगळ्यांचा प्रश्न एकच, स्वतःची कुठली घेऊ? त्यातल्या निम्म्यांना ओव्हर-अंडर, म्हणजे एकावर एक नळ्यांची, हवी असते, त्यांच्यासाठी हा लेख नाही. पण ज्यांनी लहानपणी गावाकडे काका-मामाच्या खांद्यावर शेजारी-शेजारी दोन नळ्यांची बाराबोअर बघितलेली असते त्यांना तसलीच हवी असते आणि इंग्लिश बनावटीची किंमत ऐकली की ते गप्प बसतात. लंडनच्या पर्डी कंपनीची नवी साईडलॉक (हा प्रकार पुढे सांगतो) लाख पौंडांच्या पुढे जाते, तेवढ्यात आपल्याकडे फ्लॅट येतो. मग कुणीतरी म्हणतं स्पॅनिश बघ, आणि तिथून खरा गोंधळ चालू होतो कारण स्पॅनिश म्हणजे एकच एक चीज नाही, त्यात सोनंही आहे आणि भंगारही, आणि दोन्हीवर नक्षी तेवढीच छान असते.

थोडं गाव समजून घ्या, पुढे उपयोग होतो. स्पेनच्या उत्तरेला बास्क प्रांतात एबार नावाचं डोंगराच्या खोबणीत बसलेलं गाव आहे (फुटबॉलवाल्यांना ला लिगामुळे नाव माहीत असेल). शेकडो वर्षं तिथे आणि आसपासच्या एल्गोइबार, एर्मुआ वगैरे गावांत बंदुका बनतायत, घराघरात कारागीर, कुणी फक्त नळ्या करणार, कुणी फक्त नक्षी. ओर्बेआ ही सायकल कंपनीसुद्धा मुळात १८४० सालची एबारची बंदूकवाली, मागाहून सायकलीत गेली. गृहयुद्धात १९३७ च्या एप्रिलमध्ये गावावर बाँब पडले, निम्मंअधिक गाव गेलं, तरी धंदा परत उभा राहिला. पण मग एकाच गल्लीत राजेरजवाड्यांसाठी बनणारी बंदूक आणि शेतकऱ्याला सशासाठी लागणारी स्वस्तातली बंदूक दोन्ही तयार व्हायच्या, आणि परदेशात दोघींनाही "स्पॅनिश" एवढंच नाव पडलं. स्वस्तातल्या बंदुकांचं आतलं लोखंड मऊ निघायचं, सीअर (चढलेला घोडा अडवून धरणारी कळ) झिजायचे, इजेक्टरच्या (रिकामं काडतूस बाहेर फेकणाऱ्या यंत्रणेच्या) स्प्रिंगा तुटायच्या, आणि त्याची बदनामी चांगल्यांच्या वाट्याला आली. आपल्या दृष्टीने ती बदनामी फायद्याचीच आहे, भाव तिच्यामुळेच खाली राहिलेत.

पायरी शून्य, कागद

ब्रिटनमध्ये पोलिसांकडून शॉटगन सर्टिफिकेट मिळाल्याशिवाय बंदूक ताब्यात घेता येत नाही, घरात कुलपाचं कपाट लागतं, ते आधी करा मग दुकानं फिरा. भारतात बसून वाचत असाल तर परिस्थिती वेगळी, १९७२ च्या वन्यजीव कायद्यापासून हौसेची शिकार गेली, लायसन्स मिळवणं सोपं नाही, बाहेरून आणणं तर विसराच. पण आजोबांच्या नावची डीबीबीएल, म्हणजे दुनळी, लायसन्सवर घरात असली तर खालची तपासणी तिलाही जशीच्या तशी लागू होते.

आणि बंदूक हातात आली की पहिलं काम, बिजागरीत मोडून, म्हणजे उघडून, दोन्ही चेंबर (काडतूस बसतं त्या जागा) रिकामे बघणं. दुकानदाराने आत्ताच बघून दिली असली तरी. तुम्ही हे न करता नळीत डोळा घातलात की तिथले जुने लोक तुमच्याशी नीट बोलणार नाहीत, आणि बरोबरच आहे त्यांचं.

पायरी १, कुणाची आहे आणि आत काय आहे

सगळ्यात जास्त दिसेल ती एवायए, म्हणजे अगिर्रे ई अरांसाबाल, १९१५ ची. १९५० च्या दशकात सफोकच्या किंग बंधूंनी यांच्याकडून इंग्लिश पद्धतीच्या बंदुका बनवून घ्यायला सुरुवात केली, म्हणजे सरळ दस्ता, दोन चाप, बारीक फोरएंड (नळ्यांखालचा पुढचा लाकडी भाग), आणि त्यातून नंबर १, नंबर २ आणि नंबर ४ हे मॉडेल ब्रिटनमध्ये रुजले. नंबर ४ ही बॉक्सलॉक, नंबर २ आणि १ लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड कंपनीच्या धर्तीच्या साईडलॉक, १ चं फिनिशिंग वरचं. खाली येओमन वगैरे साध्या बंदुका येतात. एवायए सोडून अरिएता, गार्बी, ग्रुया, उगार्तेचेआ, आणि सगळ्यात वरच्या बाकावर पेद्रो अरिसाबालागा. पार्कर-हेल नाव कोरलेली दुनळी दिसली तर दचकू नका, ६०० मालिकेतल्या त्यांच्या दुनळ्या उगार्तेचेआकडून बनून यायच्या, नाव फक्त इंग्लिश. सारास्केता नावाच्या बाबतीत मात्र सांभाळा, विक्तोर सारास्केता हा मोठा माणूस पण त्याच आडनावाचे बाकीचेही बंदूकवाले त्या भागात होते, आपल्याकडे एकाच आडनावाची पेढ्यांची दुकानं असतात तसं, तेव्हा पूर्ण नाव वाचा.

आता साईडलॉक-बॉक्सलॉकचं. बॉक्सलॉक म्हणजे १८७५ मध्ये बर्मिंगहॅममध्ये अँसन आणि डीली या दोघांनी काढलेली रचना, घोडे वगैरे सगळी यंत्रणा ॲक्शनच्या, म्हणजे नळ्यांमागच्या लोखंडी गाभ्याच्या, पोटात. साईडलॉकमध्ये ती दोन्ही बाजूंच्या पत्र्यांच्या आतल्या अंगाला बसवलेली असते. साईडलॉक महाग, कारण हातकाम जास्त, आणि चांगल्या साईडलॉकमध्ये दुसरा सेफ्टी सीअर असतो, धक्क्याने घोडा सुटलाच तर तो मधेच अडवतो (बहुतेक बंदुकांचा सेफ्टीचा खटका फक्त चाप अडवतो, घोडा नाही, हे नवीन लोकांना कोणी सांगतच नाही). आता गंमत अशी की बॉक्सलॉकला बाहेरून नुसते पत्रे लावून साईडलॉकसारखी नटवलेल्या बंदुकापण भरपूर आहेत. ओळखायचं कसं, तर खऱ्या साईडलॉकच्या पत्र्यावर घोड्याच्या आसाची आणि सीअरच्या पिनांची टोकं दिसतात, पाच-सात ठिपके, आणि घोड्याच्या आसावर बऱ्याचदा एक सोनेरी रेघ असते जी घोडा चढला की फिरते. पत्रा गुळगुळीत, त्यावर नुसती कुत्री आणि तितर, आणि एखाद-दुसरा स्क्रू, तर ती सजवलेली बॉक्सलॉक. ती वाईट नसते, पण साईडलॉकचे पैसे द्यायचे नाहीत.

पायरी २, नळ्यांच्या पोटावरचे शिक्के

नळ्या काढा आणि उलट्या करा. चेंबरखालच्या सपाट भागावर एबारच्या प्रूफ हाऊसचे (जिथे जास्त दाबाचा बार उडवून नळ्या तपासतात) शिक्के असतात, ही बंदुकीची जन्मकुंडली. स्पेन सीआयपीत (अशा तपासणीचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेत) आहे त्यामुळे तिथले शिक्के ब्रिटनमध्ये चालतात, आणि प्रूफ नसलेली किंवा प्रूफबाहेर गेलेली बंदूक विकणं इथे गुन्हा आहे.

सगळ्यात कामाचा शिक्का सालाचा. १९२७ पासून एबारला दरवर्षी एक अक्षर, ए म्हणजे १९२७, झेड म्हणजे १९५४, मग १९५५ ला ए-१ पासून नवी फेरी आणि १९८१ ला ए-२. बोटांवर मोजायला जाल तर चुकाल कारण पहिल्या फेरीत स्पॅनिश बाराखडीतली सीएच, डबल एल आणि डोक्यावर लाट असलेला एन ही वेगळी अक्षरं धरलेली आहेत आणि डब्ल्यू नाहीच, दुसऱ्या फेरीत सीएच आणि डबल एल गळलेत. नंतरच्या बंदुकांवर साल सरळ आकड्यात. साल कशाला हवं? कारण १९८० च्या दशकात एबारच्या पुष्कळ कंपन्या एकत्र करून दियार्म नावाची एक मोठी कंपनी काढली गेली, एवायए त्यात सगळ्यात मोठी, आणि काही वर्षांतच ते सगळं कोसळलं. एवायए मग छोट्या प्रमाणात, कमी आणि चांगल्या बंदुका काढत परत उभी राहिली. त्यामुळे १९६० ची नंबर २ आणि १९९० नंतरची नंबर २ नावाने एक असल्या तरी भावात एक नसतात, आणि विकणारा "साधारण नव्वदची असेल" म्हणाला तर तुम्ही शांतपणे नळ्या उलट्या करा.

दुसरं, चेंबरची लांबी. १२-७० असेल तर ७० मिलीमीटरचं काडतूस चालतं, जुन्यांवर ६५ असतं, त्यात ७० घालायचं नाही. इथे फसायला होतं कारण ७० चं काडतूस ६५ च्या चेंबरमध्ये आरामात बसतं, खोक्यावरची लांबी ही उडून उघडलेल्या काडतुसाची असते, बार उडाल्यावर तोंड उलगडायला जागा राहत नाही आणि दाब चढतो. तिसरं, नळीचा आतला व्यास मिलीमीटरमध्ये, १८.४ वगैरे. आजचा मोजलेला व्यास त्याहून बराच जास्त भरला तर आतून कुणीतरी घासून गंज काढलाय. चोक, म्हणजे नळी तोंडाशी किती आवळलीय ते, ताऱ्यांमध्ये लिहिलेला असतो आणि उलटा असतो, एक तारा म्हणजे सगळ्यात घट्ट, चार तारे म्हणजे सैल. स्टीलचे छर्रे वापरणार असाल तर घट्ट चोकची जुनी बंदूक नकोच, युरोपियन युनियनमध्ये पाणथळ जागी शिशाचे छर्रे १५ फेब्रुवारी २०२३ पासून बंद आहेत आणि सगळं वारं त्याच दिशेने आहे. कमळासारखं फूल, फ्लर-द-ली, ठोकलेलं असेल तर ती नळी स्टीलच्या जड काडतुसांसाठी तपासलेली आहे. नसेल तर बिस्मथ (शिशाऐवजी वापरतात तो धातू) वापरा किंवा साधी स्टीलची काडतुसं चालतील का हे गनस्मिथला विचारा.

पायरी ३, नळ्या, इथे घाई नको

माझी पहिली दुनळी मी लिलावात घेतली. एबारची साईडलॉक, गुलाबाच्या वेलबुट्टीची नक्षी, अक्रोडाचा दस्ता उन्हात धरला की मधासारखा दिसायचा, आणि भाव असा की मला वाटलं बाकीचे लोक झोपलेत. झोपलो मी होतो. घेऊन गेलो गावातल्या म्हाताऱ्या गनस्मिथकडे, म्हटलं जरा बघा. त्याने दस्त्याकडे बघितलंसुद्धा नाही. फोरएंड काढला, नळ्या काढल्या, नळ्या ॲक्शनमध्ये अडकवणाऱ्या खालच्या आकड्यात करंगळी अडकवून नळ्या हवेत लोंबत्या सोडल्या आणि पेन्सिलीच्या मागच्या टोकाने हलकेच टक केलं. आवाज आला भद्द. जसं फुटकं मडकं. मग त्याने मागच्या मांडणीवरून दुसऱ्या कुठल्यातरी बंदुकीच्या नळ्या काढल्या, तसंच केलं, आणि टण्ण करून जो नाद सुटला तो आम्ही दोघं नुसते ऐकत उभे राहिलो. आपण माठ घेताना टिचकी मारतो की नाही, तेच, फक्त मी हजारभर पौंडाच्या वस्तूला टिचकी मारली नव्हती. दोन नळ्यांच्या मधली पट्टी सुटलेली होती, आत पाणी जाऊन गंज धरला होता. पट्टी काढून, आतून साफ करून, परत डाख मारून, नळ्या पुन्हा काळ्या करायच्या, या सगळ्याचा खर्च बंदुकीच्या निम्म्या किमतीला गेला. लिलावाच्या कॅटलॉगमध्ये "उत्तम स्थिती" लिहिलं होतं.

तर टिचकी मारा. मग नळ्या खिडकीच्या दिशेने धरून आत बघा, छताला नाही, खिडकीच्या चौकटीच्या कडेला रोखून, म्हणजे चौकटीची सावली नळीत गोल-गोल रिंगणासारखी दिसते. रिंगण कुठे चेपलेलं वाटलं तर तिथे पोचा आहे. पोचा बाहेरून बोटालाही लागतो. पोचा निघतो, पण तिथला पत्रा आधीच पातळ असेल तर काढताना आणखी पातळ होतो.

पातळपणाचं माप डोळ्याने होत नाही, गनस्मिथकडचा भिंत मोजायचा गेज लागतो. इकडे हिशोब थाऊमध्ये, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात करतात, २० थाऊ म्हणजे साधारण अर्धा मिलीमीटर ही खालची रेघ धरा, २५ च्या वर असेल तर निवांत. विकणारा मोजू देत नसेल तर नमस्कार करून निघा.

चांगल्या बंदुकीत प्रत्येक नळी आणि तिच्याखालचा आकडा एकाच तुकड्यातून घडवलेला असतो, त्याला चॉपर लंप म्हणतात, स्पॅनिश लोक डेमीब्लॉक. आकड्याच्या मागून बघितलं तर बरोबर मधून केसासारखी उभी रेघ दिसते. ती दिसली की बरं वाटतं.

पायरी ४, ढिली झालीय का

फोरएंड काढूनच बघायचं, कारण फोरएंडची स्प्रिंग ढिलेपणा लपवते आणि विकणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं. बंदूक बंद करा, एका हाताने नळ्या दुसऱ्याने दस्त्याची मूठ धरा, आणि हलवा, बिजागरीला खुटखुट जाणवली तर ढिली. मग उजेडासमोर आडवी धरून नळ्यांची मागची कड आणि ॲक्शनची उभी भिंत यांच्यात फट दिसते का बघा. बंदूक उघडायचा वरचा खटका बंद स्थितीत मधल्या रेषेच्या किंचित उजवीकडे थांबला तर आयुष्य बाकी आहे, मध्यावर आला म्हणजे बरीच वापरलेली, आणि डावीकडे गेला की खर्च. ढिली बंदूक घट्ट करता येते, चांगला गनस्मिथ करतो, फक्त ते पैसे किमतीतून वजा करा.

पायरी ५, आतली कळ

स्वतःच्या खिशात दोन स्नॅप कॅप (तपासणीची खोटी काडतुसं) घेऊन जा. घाला, दोन्ही चाप ओढा, उघडा, दोन्ही एकाच वेळी उडून जवळजवळ पडल्या पाहिजेत. मग एकच चाप ओढून उघडा, तेवढीच उडायला हवी, दुसरी नुसती वर यायला हवी. एक आळशी निघाली तर टायमिंग गेलंय. चापाचं वजन पुढच्याला पावणेदोन किलोच्या आसपास, मागच्याला थोडं जास्त असतं, फारच हलका लागला तर खूश होऊ नका, कुणीतरी सीअर घासलाय किंवा तो झिजलाय, आणि जुन्या स्वस्त स्पॅनिश बंदुकांचं दुखणं नेमकं तेच. चांगल्या बंदुकीत पुढचा चाप बिजागरीचा असतो, मागचा ओढताना बोटाच्या मागच्या बाजूला लागत नाही.

स्क्रूच्या खाचा बघा. एका रेषेत नळीच्या दिशेने उभ्या आणि कोऱ्या, तर बंदूक जाणत्या हाताखाली होती. खाचांचे कोपरे फाटलेले असतील तर कुणीतरी रविवारी दुपारी किचनमधला पेचकस घेऊन बसला होता. बाकी कुठल्याही गोष्टीपेक्षा मी यावर जास्त भरवसा ठेवतो.

पायरी ६, लाकूड आणि अंग

दस्ता ॲक्शनला जिथे भिडतो तिथे बारीक तडे आणि काळपट तेलकट डाग बघा, वर्षानुवर्षं तेल मुरून लाकूड मऊ झालेलं असतं. आणि नंतर अंगाला लावून बघा. उजव्या खांद्याच्या माणसासाठी दस्ता किंचित बाहेर वळवलेला असतो, डावखुऱ्याचा उलटा, आणि डावखुऱ्यांच्या बंदुका स्वस्त मिळतात कारण गिऱ्हाईक कमी, तुम्ही डावखुरे असाल तर चांदी आहे. आपल्यासारख्या बुटक्या लोकांना इंग्रजांच्या मापाचा दस्ता लांब पडतो, तो कापता येतो, पण आधीच कापलेला लांब करायचा तर रबरी पॅड नाहीतर लाकडाचा तुकडा जोडावा लागतो आणि किंमत पडते. बाराबोअर तीन किलोच्या आतबाहेर, तोल बिजागरीच्या पिनेजवळ. हे असलं की चांगली.

पायरी ७, भाव

नावाने सुरुवात करा पण नावावर थांबू नका. साधारण उतरंड अशी, साधी नॉन-इजेक्टर बॉक्सलॉक सगळ्यात खाली, मग नंबर ४ आणि उगार्तेचेआची इजेक्टर, मग नंबर २ सारखी साईडलॉक, मग नंबर १, अरिएता, गार्बी, ग्रुयाच्या वरच्या बंदुका, आणि वर अरिसाबालागा. त्यातून दुरुस्त्या वजा. वीस बोअर आणि अठ्ठावीसला बाराबोअरपेक्षा जास्त मोजावे लागतात. पट्टीवर किंवा खटक्यावर सोन्यात १ किंवा २ असा आकडा असेल तर ती जोडीतली आहे, जोडी पूर्ण असेल तर भाव दुपटीहून जास्त, आणि ताटातूट झालेली एकटी असेल तर घासाघीस करायला तुम्हाला निमित्त मिळालं. नवीन काळ्याभोर नळ्या आणि कडा मऊ पडलेली नक्षी एकत्र दिसली तर पॉलिश मारलंय.

नक्षीबद्दल एकच सांगतो, एबारला हात चांगले आहेत यात शंकाच नाही, लोखंडात सोन्याची तार ठोकणारे झुलोआगा तिथलेच, पण मशीनने दाबलेली आणि हाताने कोरलेली यातला फरक भिंग लावून शिका. हाताच्या कामात ओळ कुठे खोल कुठे उथळ जाते, मशीनच्या कामात सगळं एका पातळीत.

माझं स्वतःचं मत विचाराल तर नवीन माणसाने पहिली म्हणून थकलेली साईडलॉक घेण्यापेक्षा टणटणीत नळ्यांची नंबर ४ घ्यावी. क्लबात कुणी वळून बघणार नाही, पण वीस वर्षं चालेल आणि विकायला काढलीत तर गिऱ्हाईक लगेच मिळेल.

घरी आणल्यावर स्नॅप कॅप घालून घोडे उतरवा, नळ्यांना तेलाचा हात पुसट मारा, आणि कपाटात नळ्यांचं तोंड खाली करून उभी ठेवा, खाली जुन्या टॉवेलची घडी, म्हणजे जास्तीचं तेल दस्त्याच्या तोंडात न मुरता टॉवेलात जातं.